यकृताचे घड्याळ आणि काविळीचे विषाणू

आपल्या शरीरातील प्रत्येक इंद्रियाला काळाचे भान असते. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालते. यकृताचे घड्याळ मात्र प्रामुख्याने जेवणाच्या वेळांवरून आपली लय जुळवते. या घड्याळांची जनुकीय यंत्रणा फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या अमेरिकी संशोधकांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतात ठाण मांडणाऱ्या विषाणूंचा या घड्याळाशी काय संबंध, हा प्रश्न आता संशोधनाचा विषय झाला आहे.

हिपॅटायटिस बीचा विषाणू 'एनटीसीपी' या प्रथिनाच्या दारातून यकृतपेशीत शिरतो, हे 2012 मध्ये कळले. एरवी हे दार पित्ताम्लांसाठी असते. 2021 साली असे आढळले की, घड्याळातील 'रेव्ह-अर्ब' हे प्रथिन या दाराचे प्रमाण घटवते. तर 'बीमॅल-1' हे दुसरे प्रथिन विषाणूच्या जनुकांचे कार्य वाढवते. हिपॅटायटिस सीबाबत 2013 मध्ये उलट बाजूही दिसली. या विषाणूमुळे पेशीतील 'पेर-2' हे घड्याळाचे प्रथिन घटते, आणि तेच वाढविल्यास विषाणूची वाढ मंदावते. म्हणजे घड्याळ विषाणूवर अंकुश ठेवते आणि विषाणू घड्याळ बिघडवतो.

हे निष्कर्ष मुख्यतः प्रयोगशाळेतील आहेत. त्यांवरून गोळी सकाळी घ्यावी की रात्री, असा नियम सांगता येत नाही. तरीही आपल्या सौंसर परिसरात ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बोरगावच्या कारखान्यांतील पाळ्या, संत्र्याच्या गाड्या रात्रभर हाकणारे चालक, यांची झोप व जेवण दर आठवड्याला जागा बदलतात. उंदरांमध्ये दिवस-रात्रीचे चक्र दीर्घकाळ विस्कळीत ठेवल्यास आधी यकृतात चरबी साचते व पुढे कर्करोगही होतो, हे 2016 मध्ये दिसले. दीर्घकालीन हिपॅटायटिस बी व सी याच वाटेने नेतात. एकाच रुग्णात दोन्ही धोके एकत्र आले, तर आपण अधिक सावध असावयास हवे.

म्हणून मी यकृताच्या रुग्णाला काय खाता, मद्य घेता का, याबरोबरच केव्हा जेवता आणि केव्हा झोपता, हेही विचारतो. पाळी बदलली तरी बीची गोळी चुकू नये, यासाठी ती घड्याळाच्या काट्याऐवजी झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या जेवणाशी जोडून देतो. कारण ती परस्पर बंद केल्यास आजार एकाएकी उसळू शकतो. हिपॅटायटिस सी तर आज बहुधा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात.

यकृताच्या घड्याळाचे गूढ पुढे उलगडत राहील. परंतु एका वेळेचे महत्त्व निर्विवाद सिद्ध झाले आहे: जन्मानंतरचे पहिले 24 तास. या अवधीत दिलेली हिपॅटायटिस बीची लस बालकाला आयुष्यभराच्या संसर्गापासून वाचवू शकते. मध्यरात्री जन्मलेल्या बाळासाठीही ही वेळ तितकीच मोलाची आहे, एवढे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.