पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

ताईंनो, आज घरी गेल्यावर मुलांचं बालभारतीचं पुस्तक उघडून बघा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसेल, दुकानात पैसे भरायला स्कॅन करतो ना, तसाच. हा क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पुस्तकांत आणला, पुढे राज्याच्या पुस्तकांत आला. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांनाच मिळाला.

मोबाईलमध्ये दीक्षा ॲप घ्या, फुकट आहे. मराठी निवडा, कोड स्कॅन करा, त्या धड्याचा व्हिडिओ नाहीतर सराव उघडतो. रेंज असेल तिथे डाउनलोड करून ठेवा, मग घरी नेट नसलं तरी चालतं. आपल्याला वाचता येत नसलं तरी लेकराशेजारी बसून ऐकता येतं.

खरी अडचण वेगळीच आहे. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "फोन आधी पोरगा घेतो, पोरीच्या हाती येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना ते डोक्यातून जाईना. आमच्याकडे पण असंच होतं. त्या गटानं आता ठरवलंय, जेवणाआधी अर्धा तास फोन पोरीचा.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत मुलांचं एक पुस्तक पण आणा. तिथेच स्कॅन करून बघू.