जखमांची नोंद व हिंसेला आळा
(अभ्यासपाठ)



कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण धम्मात शिकतो. मग मारहाण तरी कारणाशिवाय कशी होईल? पण वस्तीत कोणाचे डोके फुटले की आपण म्हणतो, "वेळच वाईट होती," किंवा "त्याचे दैव फिरले." असे म्हटले की विचार तेथेच थांबतो. आजच्या पाठात आपण एका शहराची हकीगत पाहू. त्या शहराने हिंसेला दैव मानले नाही. त्याने तिची मोजदाद केली व त्या मोजदादीच्या आधारे ती कमी करून दाखविली.

१. पोलिसांच्या दप्तरात न आलेल्या जखमा

कार्डिफ ही ब्रिटनमधील वेल्सची राजधानी. कोळशाच्या निर्यातीवर वाढलेले हे बंदर. तेथे डॉ. जोनाथन शेफर्ड हे जबडा व चेहरा यांवरील शस्त्रक्रियेचे डॉक्टर होते. मारामारीत मोडलेले जबडे बसविणे, फुटक्या ग्लासाने चिरलेले चेहरे शिवणे, हे त्यांचे नित्याचे काम. रुग्णालयात येणारे जखमी व पोलिसांकडील नोंदी यांची त्यांनी तुलना केली. तेव्हा असे दिसले की, मारहाणीत जखमी होऊन उपचारासाठी आलेल्या पुष्कळ जणांची पोलिसांकडे नोंदच नव्हती.

असे का व्हावे? कोणाला सूडाची भीती वाटत होती. कोणाला वाटे, तक्रार करून काय उपयोग? काहींना आपलेच वागणे चौकशीत निघेल याची धास्ती होती. म्हणजे केवळ पोलिसांच्या दप्तरावरून हिंसेचे खरे माप कळत नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. तेथे जखमेच्या उपचाराला पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे गरिबाची जखमही रुग्णालयाच्या नोंदीत येते. जेथे उपचाराला पैसे लागतात, तेथे गरीब माणूस जखमेवर हळद दाबून घरीच पडून राहतो. त्याची जखम कोणत्याच वहीत चढत नाही. विषमता अशी आकड्यांतही शिरते. ज्याला सर्वांत अधिक सोसावे लागते, तोच मोजणीतून सुटतो.

२. तीन प्रश्न

१९९७ च्या सुमारास कार्डिफमध्ये डॉक्टर, पोलीस व नगर परिषद यांचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले. पुढे रुग्णालयात जखमीचे नाव नोंदविणारा कारकूनच त्याला तीन गोष्टी विचारू लागला : मारहाण नेमकी कोठे झाली? केव्हा झाली? कशाने झाली? या माहितीतून रुग्णाची ओळख पटेल असे सर्व काढून टाकले जाई व मगच ती पोलिसांना आणि नगर परिषदेला देण्यात येई. उद्देश कोणाला पकडून देण्याचा नव्हता. कोणत्या जागी व कोणत्या वेळी माणसे जखमी होतात, एवढेच पाहावयाचे होते.

हे कळल्यावर उपाय सुचू लागले. शनिवार-रविवारच्या रात्री पोलीस नेमक्या ठिकाणी उभे राहू लागले. गर्दीच्या रस्त्यावर वाहने बंद करण्यात आली. मद्यगृहांत काचेच्या ग्लासांऐवजी प्लॅस्टिकचे ग्लास आले. यात उपदेश नव्हता. जेथे आग लागते तेथील गवत आधीच कापून टाकावे, तशी ही रीत होती.

३. फळ काय मिळाले?

फळ मोजताना नुसती संख्या पाहून चालत नाही. समजा, ५०० लोकांच्या वस्तीत ५ जण जखमी झाले व ५,००० लोकांच्या गावात १० जण. संख्या गावाची मोठी, पण धोका वस्तीत पाचपट आहे. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात मोजावे.

कार्डिफची तुलना तशाच १४ शहरांशी करण्यात आली व तो अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये दर १ लाख लोकांमागे महिन्याला ७ होते, ते ५ वर आले. त्याच काळात इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेले.

पण याच काळात कार्डिफच्या पोलिसांकडे किरकोळ मारहाणीच्या नोंदी १५ वरून २० वर गेल्या. मग हिंसा वाढली काय? नाही. मोठी जखम होण्याआधीच पोलीस मध्ये पडू लागले, म्हणून लहान प्रकारही लिहिले जाऊ लागले, असे अभ्यासकांना वाटले. नोंद वाढणे व हिंसा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. आपल्यासाठी बोध

अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांच्या नोंदी देशात २०२१ साली ५०,९०० होत्या, २०२२ साली त्या ५७,५८२ झाल्या. अत्याचार किती वाढले व तक्रार करण्याचे धैर्य किती वाढले, हे या एका आकड्यावरून सांगता येत नाही. मात्र एक गोष्ट निश्चित. जे लिहिलेच गेले नाही, ते यात नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा व त्याचे नियम १९९५ चे. जेथे अत्याचार घडण्याचा संभव आहे ती क्षेत्रे राज्य सरकारने आधीच हेरून ठेवावीत, असे त्यातील नियम ३ सांगतो. नियम १७ प्रमाणे जिल्ह्याची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे. पण नोंदच नसेल तर क्षेत्र हेरावयाचे कशावरून, आणि समितीपुढे मांडावयाचे काय?

म्हणून जखम लहान असली तरी सरकारी दवाखान्यात जावे. कोठे, केव्हा व कशाने मारले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे व जखमेचा दाखला घ्यावा. पोलिसांत फिर्याद दिल्यावर तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, जागा व निमित्त लिहावे. कोणाचे नाव लिहू नये. वर्षभराने ती वही उघडली की कळेल, पाणवठा, वरातीचा रस्ता की दारूचा गुत्ता, आपली माणसे कोठे मार खातात. ती वही समितीपुढे ठेवता येईल.

आणि या वहीत घरातील मारही आला पाहिजे. नवऱ्याने मारलेली बाई दवाखान्यात "पाय घसरून पडले" असे सांगते, तेव्हा तिची जखमही मोजणीतून सुटते. घरातील हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे. बाहेरचा अन्याय लिहावयाचा व घरातला झाकावयाचा, ही समता नव्हे.

विचारासाठी प्रश्न
१) पोलिसांच्या नोंदीवरून हिंसेचे पूर्ण माप का कळत नाही?
२) माहितीतून नावे का काढून टाकावीत?
३) गेल्या वर्षी आपल्या वस्तीत किती जण जखमी झाले? त्यांपैकी किती जणांची नोंद झाली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील सर्वांनी एकत्र बसून काढावे.