थंडीतली घोड्याची निगा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा भरते. हे गाव तापी नदीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यात आहे. यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. लांबलांबून घोडे येतात. विकले जातात. मग ट्रकात चढून नव्या धन्याच्या गावी जातात. कोणी गाठीचे पैसे मोडून घोडा घेतो, कोणी कर्ज काढून. कोणी टांग्याला जुंपतो, कोणी लग्नाच्या वरातीला नेतो. पुढचा पौष महिना ऐन थंडीचा. जागा नवी, पाणी नवे, चारा नवा. अशात घोडा दगावला तर पैसा जातो आणि कर्ज तेवढे उरते.

मंडळी, घोडा थंडीने मरतो असे लोक म्हणतात. आम्हाला ते पुरते पटत नाही. थंडी पडू लागली की घोड्याचे केस आपोआप दाट होतात. अंग कोरडे असावे, पोटभर चारा असावा, वाऱ्याला आडोसा असावा. एवढे असले तर धडधाकट घोडा आपल्याकडची थंडी सोसतो. त्याचा घात होतो तो बहुधा पोटशुळाने. आणि हिवाळ्यातल्या पोटशुळाचे मूळ पुष्कळदा पाण्यात असते.

कसे ते पाहा. हिवाळ्यात कडबा, वाळले गवत, भुसा, सगळे कोरडे खाणे. त्याला पाणी जास्त लागते. पण सकाळी हौदातले पाणी गारठलेले. घोडा दोन घोट घेतो आणि तोंड वर काढतो. आपण म्हणतो, "तहान नाही त्याला." तहान असते हो! पाणी गार असते. मग चारा आतड्यात सुकतो, अडकतो. लीद बंद होते. पोट फुगते. बरे, घोड्याला माणसासारखे ओकताही येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकायला हवे.

म्हणून विहिरीचे ताजे पाणी शेंदून लगेच पाजावे. हिवाळ्यात ते कोमट असते. हौदाचे पाणी असेल तर त्यात तांब्या-दोन तांबे कढत पाणी ओतावे. साधारण घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो. रोज किती बादल्या प्याला ते ध्यानात ठेवायचं. चंदीत रोज दोन मोठे चमचे मीठ घालावे. मिठाने तहान लागते.

आता चारा. थंडी वाढली की काही जण चंदी वाढवतात. आमचे म्हणणे उलट आहे. आधी चारा वाढवा. चारा पोटात हळूहळू कुजतो आणि त्याची ऊब अंगाला मिळते. रात्री पुढ्यात गवत असले की घोडा पहाटे कुडकुडत नाही. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान. म्हणून चंदी एकदम देऊ नये, दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी. काम नसेल त्या दिवशी ती कमी करावी. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. बुरशी आलेला कडबा मात्र उकिरड्यावर टाका. त्याने पोट बिघडते, खोकलाही लागतो.

पागेला वाऱ्याच्या बाजूने तट्ट्या लावावा. पण चारी बाजू बंद करू नका. कोंडलेल्या जागेत मुताचा वास नाकाडोळ्यांना झोंबतो. तुम्हाला झोंबतो, तर रात्रभर तिथे उभ्या असलेल्या जनावराचे काय होत असेल? खाली कोरडे गवत पसरावे. घोडा घामाघूम होऊन आला तर त्याला थोडे फिरवावे, वाळल्या गवताच्या बोळ्याने अंग चोळावे, मग झूल घालावी. ओली झूल ठेवण्यापेक्षा उघडे अंग बरे.

घरच्या औषधांविषयी आता सांगतो. पूर्वी घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या नावावरून आला. अश्वविद्येचे जुने आचार्य ते. ओवा, सुंठ, मेथी, बडीशेप हे मसाले आपल्याकडे घोड्याला देत आले आहेत. चमचा-चमचा कुटून, सुपारीएवढ्या गुळात मिसळून चंदीबरोबर द्यावे. त्याने तोंडाला चव येते, घोडा आवडीने खातो. जवस नीट शिजवून मूठभर दिले तर केस तुळतुळीत होतात. कच्चे भिजवलेले जवस देऊ नका, त्यात विष तयार होते. गूळ फार देऊ नये, त्याने खुरांना सूज येऊ शकते. कांदा-लसूण तर टाळाच. तो जास्त पोटात गेला तर घोड्याचे रक्त कमी होते.

आणखी एक. बैलाला नळीने काढा पाजतात तसा घोड्याला पाजायला जाऊ नका. तो फुप्फुसात उतरला तर घोडा हातचा जातो.

पोटशूळ ओळखायचा कसा? घोडा पुढच्या पायाने माती उकरतो. मान वळवून कुशीकडे बघतो. सारखा बसतो, उठतो, लोळतो. लीद होत नाही. अशा वेळी ओवा-सुंठ शोधत बसू नये. खाणे काढून घ्यावे आणि डॉक्टरला बोलवावे. 1962 हा नंबर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

नाकातून घट्ट शेंबूड येतो, अंगावर गाठी येऊन फुटतात, असे दिसले तर फार जपा. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो. अशा घोड्याला वेगळे बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा आणि सरकारी दवाखान्यात लगेच कळवा. तसे कळवावे असा कायदाच आहे. यात्रेतून आणलेला घोडा दिसायला चांगला असला तरी तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून लांब बांधावा.

डॉक्टर आले की ते तीन गोष्टी विचारतील. शेवटची लीद कधी टाकली? काल पाणी किती प्याला? चाऱ्यात काय बदलले? आता तुम्हाला लिहिता येते. पागेच्या भिंतीवर कोळशाने रोज बादल्यांचा आकडा लिहीत चला.