जुलाब थांबले, मग पायातला जीव का गेला?



डॉक्टरच्या टेबलाच्या खणात रबरी टोकाची एक लहान हातोडी असते. गुडघ्याच्या वाटीखाली ती हलकेच मारली की पाय आपोआप उडतो. दहा सेकंदांची, फुकटची तपासणी. वीसेक वर्षांपूर्वी ती मी केली नाही. त्याची किंमत एका शेतकऱ्याला मोजावी लागली. आजचा लेख त्याच चुकीतून लिहीत आहे.

तिशीतला गडी होता. उदगीरजवळच्या खेड्यातला. दहा दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले होते, दोन-तीन दिवसांत थांबलेही होते. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जुलाब तर गेले, पण पायात दमच नाही. मुंग्या येतात. ओट्याच्या पायऱ्या चढता येईनात." मी म्हणालो, "जुलाबाचा अशक्तपणा आहे, आठ दिवसांत भरून येईल." बी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी त्याला जीपमध्ये आडवे टाकून आणले. पाय हलत नव्हते, हात उचलत नव्हते, आवाज नाकातून येत होता आणि पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. तेव्हा मी खणातली हातोडी काढली. एकही गुडघा उडाला नाही.

त्याला मोठ्या शहरात नेले. तीन आठवडे तो श्वासाच्या यंत्रावर होता. घरच्यांनी बैलजोडी विकली. वर्षभराने तो काठी टेकत माझ्या दवाखान्यात आला, माझ्यावर न रागावता. पण तीन दिवस वाया गेले ते माझ्यामुळे, हे मी विसरलेलो नाही.

या आजाराचे नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस.

जानेवारी २०२५

तेव्हा हे नाव कोणाला ठाऊक नव्हते. २०२५ च्या जानेवारीत ते घरोघर पोहोचले. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. बातमीत 'नांदेड' वाचून आपल्याकडे अनेकांची छाती धडधडली. ते नांदेड म्हणजे खडकवासल्याजवळचे, पुणे महापालिकेत आलेले गाव, आपले गोदाकाठचे नव्हे. तरीही काळजी खोटी नव्हती, कारण आपल्या घराघरातली मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुण्यातच आहेत. त्या दिवसांत माझा फोन थांबत नव्हता.

त्याच महिन्यात आपल्या उदगीर शहरात कावळे मरून पडत होते. पन्नासच्या आसपास कावळे मेले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. लोक कोंबडी खायला घाबरले. एकीकडे बर्ड फ्लू, दुसरीकडे जीबीएस. लोक मला विचारत, "डॉक्टर, हे नवे रोग कुठून आले?"

माझे उत्तर तेव्हाही हेच होते की जीबीएस नवा नाही. १९१६ साली पहिल्या महायुद्धात गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचे वर्णन केले. जगात कुठेही, वर्षाला लाखामागे एक-दोन जणांना तो होतोच. पुण्यात वेगळे घडले ते एवढेच की एका भागात, थोड्या दिवसांत, खूप जणांना झाला. असे यापूर्वी इतरत्रही झाले आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात २०२३ साली रुग्ण इतके वाढले की सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

साध्या जुलाबाचा पायांशी काय संबंध?

जीबीएस हा स्वतः संसर्गजन्य रोग नाही. रुग्णाच्या जवळ बसल्याने, त्याला जेवू घातल्याने तो लागत नाही. पण बहुतेक रुग्णांना त्याआधी काही दिवस ते काही आठवडे एखादा साधा संसर्ग झालेला असतो. जुलाब, सर्दी-ताप, फ्लू, कधी चिकुनगुनिया. यात सर्वांत जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. तो दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला हाच जंतू आढळला. काहींत नोरोव्हायरसही सापडला.

आता हा जंतू पोटात असताना पाय का लुळे पडतात? समजा, मोंढ्यात चोरी झाली. चोराच्या अंगात पिवळा सदरा होता. राखणदार पिवळ्या सदऱ्याचा माणूस शोधत निघाले. चोर पळाला, पण त्याच रंगाचा सदरा घातलेला निरपराध हमाल त्यांच्या तावडीत सापडला. शरीरात असेच होते. या जंतूच्या अंगावरील एक पदार्थ आपल्या मज्जातंतूंवरील पदार्थासारखा दिसतो. शरीराचे राखणदार, म्हणजे प्रतिकारशक्ती, जंतूला मारायला तयार होतात आणि चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात.

मज्जातंतू म्हणजे विजेच्या वायरी समजा. कधी वायरीवरचे वेष्टण खराब होते, कधी आतली तारच. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. वायर जितकी लांब तितका आधी बिघाड, म्हणून सुरुवात बहुधा पायांतून होते आणि कमजोरी वर चढते.

मात्र घाबरू नका. हा जंतू पोटात गेलेल्या साधारण हजारांत एखाद्यालाच जीबीएस होतो. बाकी सारे चार-आठ दिवस जुलाब काढून बरे होतात.

कसा ओळखावा?

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर पुढील सहा आठवड्यांत या गोष्टींकडे लक्ष द्या :

१. दोन्ही पायांच्या बोटांना, तळव्यांना मुंग्या येणे, बधिरपणा. कधी पाठीत व पायांत दुखणे.

२. दोन्ही पायांतली ताकद कमी होणे. पायऱ्या चढता न येणे, उकिडवे बसल्यावर उठता न येणे, पायातली चप्पल निसटणे.

३. कमजोरी दिवसागणिक वाढत जाणे आणि हातांपर्यंत पोहोचणे.

४. चेहरा वाकडा होणे, डोळे नीट न मिटणे, घोट न गिळता येणे, आवाज बदलणे.

५. बोलताना धाप लागणे. मोठा श्वास घेऊन एका दमात वीसपर्यंत आकडे मोजता येत नसतील, तर धोका दाराशी आला आहे.

आपल्याकडे हात-पाय लुळे पडले की "लकवा मारला" म्हणतात. नेहमीचा लकवा मेंदूच्या रक्तवाहिनीमुळे होतो, तो अचानक येतो आणि बहुधा एका बाजूचा हात-पाय धरतो. जीबीएसमध्ये दोन्ही बाजू जातात आणि कमजोरी तासातासाने, दिवसादिवसाने वाढते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. अशक्तपणातही फरक आहे. जुलाबाचा अशक्तपणा खाण्यापिण्याने रोज थोडा कमी होतो. रोज वाढणारी कमजोरी ही अशक्तपणा नव्हे. माझी चूक नेमकी इथेच झाली.

काय करावे, काय करू नये?

दोन्ही पायांची कमजोरी वाढते आहे असे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि "आधी जुलाब झाले होते" हे न विसरता सांगा. आपल्या सामान्य रुग्णालयातून पुढे लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, तर "उद्या बघू" म्हणू नका. गिळता येत नसेल किंवा धाप लागत असेल तर १०८ ला फोन करा. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, दूध, काढा घालू नका. ते फुप्फुसात जाते.

तेल चोळण्यात, लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे दूर गावी नेण्यात दिवस घालवू नका. बोलता-चालता आलेला रुग्ण वाटेतच श्वास सोडू शकतो.

यावर उपचार आहेत. इम्युनोग्लोब्युलिन नावाचे इंजेक्शन बहुधा पाच दिवस शिरेतून देतात, किंवा यंत्राने रक्तातील प्लाझ्मा बदलतात. दोन्ही सारखेच उपयोगी आहेत, पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केले तर अधिक. इम्युनोग्लोब्युलिन हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून तयार होते, म्हणून महाग असते. जमीन-बैल विकण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते ते विचारा. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही. शंभरातील वीस ते तीस जणांना काही काळ श्वासाचे यंत्र लागते. यंत्र लावले म्हणजे माणूस गेला, असे समजू नका. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा आपल्या पायांनी चालतात. त्यासाठी व्यायामोपचार नेटाने करावे लागतात.

पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर सरकारी दवाखान्यात नोंद झालीच पाहिजे. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पोलिओ परत आलेला नाही ना, हे अशा प्रत्येक मुलाचे शौच तपासूनच कळते.

मूळ दुखणे पाण्याचे

जीबीएसवर लस नाही. आपल्या हातात आहे ते आधीचे जुलाब टाळणे.

आपण मराठवाड्याची माणसे, पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत माणूस पाणी मिळाले यातच समाधान मानतो, ते कसे आहे हे पाहत नाही. टँकर, बोअर, विहीर, जार, सगळे पाणी डोळ्यांना सारखेच स्वच्छ दिसते. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. थंडगार जार म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. पुण्यातील त्या साथीत काही खासगी आरओ केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ती बंद केली.

म्हणून पाणी उकळी फुटेपर्यंत तापवा, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. गावच्या विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर पडते का, हे ग्रामपंचायतीला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट आरोग्यसेवक दोन मिनिटांत करून दाखवतो. पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही.

कोंबडी खा, पण पूर्ण शिजवून. नीट शिजवल्याने कॅम्पायलोबॅक्टरही मरतो आणि बर्ड फ्लूचा विषाणूही. कच्ची कोंबडी कापलेल्या सुरीने आणि पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. आधी धुऊन घ्या, हातही साबणाने धुवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलू नका, नगरपालिकेला कळवा.

आणि जुलाब झालेच, तर जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना चौदा दिवस झिंकची गोळीही लागते, ती आशाताईंकडे मिळते. जीबीएस हजारांत एखाद्याला होतो, पण जुलाबाने कोरडे पडून तान्ही मुले त्याहून सहज दगावतात, हे विसरू नये.

जुलाब थांबले की घरातल्या माणसाला पुढचे काही आठवडे अधूनमधून दोनच गोष्टी विचारा. पायांना मुंग्या येतात का? उकिडवे बसून न धरता उठता येते का? पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा दुसऱ्याचे 'नाही' आले, तर दवाखान्यात या. माझ्या खणातली हातोडी आता टेबलावर असते. मी विसरलो तर "गुडघे तपासा" असे तुम्हीच मला सांगा.