शेततळ्यातील मासे पहाटे वर का येतात?

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, डिंगोरे व ओतूरच्या परिसरात, पिकांसाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत पाणी साठविले जाते. याच पाण्यात रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडून जोडउत्पन्न मिळविता येते. परंतु वर्षभर वाढविलेले मासे एका पहाटेत मरून तरंगू लागतात, तेव्हा कोणी तरी विष कालविले असा संशय प्रथम घेतला जातो. शेजाऱ्याशी भांडण करण्यापूर्वी पाणी तपासणे इष्ट होय.

पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तेही माशांप्रमाणेच प्राणवायू घेते. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. एक लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास मासे सुखाने वाढतात. तीनच्या खाली तो गेला की त्यांस ताण पडतो व ते पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात. उन्हाळ्यात धोका अधिक, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सतत ढगाळ हवा असल्यासही तीच गत होते. दुपारी केलेल्या तपासणीवर विसंबू नये. त्या वेळी हेच तळे निर्दोष दिसते.

प्राणवायूच्या अभावी बहुधा मोठे मासे आधी मरतात. विषामुळे लहानमोठे सर्वच, व कोणत्याही वेळी, मरतात. पाण्यातील सूक्ष्म जीवही नाहीसे होतात. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांस अत्यंत घातक आहेत. फवारणीचा पंप तळ्याच्या काठी धुण्याची सवय यासाठीच मोडली पाहिजे.

मासे वर आलेले दिसताच खाद्य बंद करावे. पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे व ऊन येईपर्यंत हे चालू ठेवावे. शक्य असल्यास विहिरीचे ताजे पाणीही उंचावरून सोडावे. तळाचे गढूळ पाणी पिकास द्यावे. उरलेले खाद्य व विष्ठा यांचा गाळ तेथेच कुजत असतो आणि त्यातून अमोनिया उत्पन्न होतो.

येथे चुन्याविषयी सावधगिरी हवी. पाणी बिघडले की चुना टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण गर्द हिरव्या पाण्याचा सामू दुपारी नऊच्या वर जाऊ शकतो, आणि सामू वाढला की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. अशा वेळी चुना टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. सामू साडेसहाच्या खाली असेल तरच चुन्याचा विचार करावा.

पाण्याचा हिरवेपणा जोखण्यास कोपरापर्यंत हात बुडवून पाहावा. कोपर बुडण्यापूर्वीच बोटे दिसेनाशी झाली, तर शेवाळ फार झाले असे समजून खाद्य कमी करावे. मात्र ओला प्लॅस्टिक कागद अतिशय निसरडा असतो व त्यावरून घसरलेल्या माणसास वर चढता येत नाही. म्हणून तळ्यात पक्का दोर व हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवावी आणि ही तपासणी एकट्याने कधीही करू नये.