दुसरी कुणी व्हावंसं वाटतं तेव्हा

अगं चिऊ, "ताई, मला दुसरीच कुणीतरी व्हावंसं वाटतं," असं तू परवा म्हणालीस ना, ते मनातून जातच नाहीये. म्हणून सांगते, डेव्हिड लेव्हिथनची 'एव्हरी डे' वाच. 2012 साली आलेली, अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये घडणारी कादंबरी आहे.

त्यातलं 'ए' नावाचं सोळा वर्षांचं पोर रोज सकाळी वेगळ्याच शरीरात जागं होतं. कधी मुलगा, कधी मुलगी. वय तेवढंच, पण घर, आईवडील, चेहरा सगळं नवं. मध्यरात्र झाली की मुक्काम हलला. पहिल्या प्रकरणाचं नावच '5994वा दिवस'. ऐकून मजा वाटेल तुला; पण वाचताना कळतं, ते बिचारं ज्याच्यासाठी झुरतं, ते तुला रोज आयतं मिळतं. उद्याही तेच घर, तीच माणसं.

एक दिवस ते केल्सी नावाच्या मुलीच्या शरीरात उठतं. तिच्या वहीत जीव द्यायचे बेत लिहिलेले असतात. कुणाच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही, हा 'ए'चा नियम. तो मोडून ते तिच्या वडिलांना सगळं सांगतं. एका दिवसापुरत्या मिळालेल्या जिवाची एवढी काळजी! तू तुझ्या जिवाची निदान तेवढी तरी घे.

'ए' फिन नावाच्या मुलाच्या शरीरात उठतं, त्या दिवशी मात्र लेखकाचं ऐकू नकोस. फिन खूप लठ्ठ आहे आणि 'ए' त्याचा सगळा दोष आळसावर टाकतं. ते चूक आहे. वजनामागे अनुवंशिकता असते, आजार असतात, औषधं असतात. शरीर बघून माणसाला नावं ठेवायची नाहीत, स्वतःलाही नाही.

आणि त्यातल्या रिॲनन नावाच्या मुलीला समजून घे. 'ए'चा तिच्यावर जीव जडतो, तिलाही ते आवडतं. पण रोज बदलणाऱ्या चेहऱ्यावर सारखंच प्रेम करणं तिला जमत नाही. माया चेहऱ्यावर, आवाजावर, हाताच्या स्पर्शावरही बसते गं. आम्हाला तू हवीस ती अशीच, या नाकाडोळ्यांसकट.

केल्सीसारखं काही मनात आलं, तर वहीत कोंडून ठेवू नकोस. आईला सांग, मला सांग. आमच्याशी बोलवत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीला 14416 वर फोन लाव. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.