ऑपरेशनआधी हात : स्क्रब की हँडरब?

प्रश्न : हिंगणघाटला मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) परिचारिका आहे. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते. जंतुनाशक साबण-पाण्याच्या स्क्रबऐवजी अल्कोहोलचा हँडरब चालेल का?
– एक परिचारिका, जि. वर्धा

उत्तर : चालेल, अगदी निर्धास्तपणे. फ्रान्समधल्या रुग्णालयांतल्या ६ शस्त्रक्रिया विभागांत ४,३८७ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. जखमेत जंतुसंसर्गाचं प्रमाण हँडरबने २.४४ टक्के, स्क्रबने २.४८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये दोन्ही पद्धती मान्य केल्या. टँकरच्या पाण्याची खात्री नसेल तर मी हँडरबच निवडेन, कारण स्वच्छ झालेले हात दूषित पाण्याने पुन्हा बिघडतात.

मात्र ओटीत आल्यावर आधी साध्या साबणाने हात धुवा, नखांखालचा मळ काढा आणि हात पूर्ण कोरडे करा. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं. मग डाव्या तळव्यात साधारण ५ मिली हँडरब घेऊन उजव्या हाताची बोटं त्यात ५ सेकंद बुडवा. नखांखाली जंतू दडतात ते तिथेच मरतात. तेच द्रावण उजव्या हाताला कोपरापर्यंत चोळा. दुसऱ्या हाताचंही तसंच. शेवटी तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे. सुकेपर्यंत ग्लोव्हज घालू नका, फुंकर मारू नका.

स्क्रबच करायचा असेल तर क्लोरहेक्झिडीन घ्या, त्याचा असर पोव्हिडोन आयोडीनपेक्षा जास्त टिकतो. आणि ब्रशने कातडी घासणं कृपा करून सोडा. त्याने बारीक जखमा होतात, जंतू वाढतात.